चुकलेल्या अंदाजाचे गुण

येणारा प्रश्न प्रणिता बिराजदारला आधी दिसतो, हे लातुरात शेंबडं पोरसुद्धा सांगत असे. भौतिकशास्त्र शिकवता शिकवता तिने एक वेगळीच विद्या कमावली होती, पुढच्या परीक्षेत काय विचारतील ते हेरायची. मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका, पेपर काढणाऱ्यांत यंदा कोण नवा आला, पुस्तकातल्या कुठल्या धड्याला बरेच दिवस कुणी शिवलेलं नाही, असलं सगळं ती तांदूळ निवडावेत तसं निवडत बसे आणि परीक्षेच्या आधी तिचा ‘अपेक्षित प्रश्नसंच’ बाहेर पडे. तो घ्यायला नांदेड, बीड, पार सोलापुराहून माणसं येत. तिचे मोठे दीर मन्मथ बिराजदार हे क्लासचे मालक. ते मिशीवरून हात फिरवत आल्यागेल्याला सांगायचे, “आमची प्रणिता म्हंजे पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात भाड्यानं ऱ्हायलीय.”

आणि मग ‘सोबती’ आला. कानात बसणारा यंत्रशिक्षक. धडा समजावणारा, गणित सोडवून देणारा, न कंटाळता शंभरदा घोकून घेणारा. बघता बघता तो दप्तराइतका घरोघर झाला. परीक्षेच्या हॉलबाहेर त्याला काढून ठेवायला लावलं तरी फरक पडेना, कारण तोवर त्याने पोराला सगळं चोख पढवलेलं असे. एका वर्षी बोर्डात पहिली आलेली मुलं इतकी निघाली की त्यांच्या सत्काराला क्रीडासंकुल घ्यावं लागलं आणि हार कमी पडले. सगळेच पहिले, तर मग दवाखान्यात सुरी कुणाच्या हातात द्यायची? सरकारने डोक्याला हात लावला आणि माणसं बसवली विचार करायला. त्यांच्यातल्या कुणीतरी शेवटी विचारलं, उत्तर येतं का, हे कशाला मोजत बसता? उत्तर चुकल्यावर पोरगं काय करतं, ते मोजता येईल का?

तर येत होतं.

आपला मेंदू सदा न कदा पुढचं ताडत असतो. जिना उतरताना पुढची पायरी कुठे असेल, आमटीत मीठ किती असेल, समोरचा आता काय बोलेल. ताडलेलं आणि घडलेलं जुळलं की मेंदू गप्प बसतो. जुळलं नाही की पापणी लवायच्या आत विजेची एक बारीक लाट उठते, आणि ती डोक्याच्या कातडीवरून टिपता येते. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवी होती ती तिच्यामागून येणारी दुसरी लाट. आपण चुकलो हे कळणं वेगळं, आणि त्या चुकीपायी डोक्यातला जुना नकाशा पुसून नवा काढणं वेगळं. पहिल्या लाटेचं नाव पडलं धक्का, दुसरीचं वळण. खूप जणांना नुसताच धक्का बसतो, ते “असं कसं झालं” म्हणतात आणि उद्या तीच चूक करतात. वळण आलं की समजावं, हा गडी शिकला.

यावरून नवी परीक्षा निघाली. डोक्यावर यंत्र, टेबलावर तीन पेट्या, प्रत्येकीत एका प्रयोगाची खरीखुरी मांडणी. परीक्षकाने विचारायचं, पुढे काय होईल? मुलाने सांगायचं. मग ते घडवून दाखवायचं. पहिला अंदाज बहुतेकांचा चुकावा अशाच या मांडण्या, त्यामुळे चुकल्याचे गुण जात नव्हते. चुकल्यावर डोकं किती वळलं त्याचे मिळत होते. यंत्राचं सरकारी नाव होतं वळणमापक. लातूरने त्याला टोपी म्हटलं आणि सरकार यंदा सगळ्यांना टोपी घालणार, हा विनोद पार शिळा होईपर्यंत वापरला. पण वैद्यकीय प्रवेशाचे निम्मे गुण या टोपीच्या हाती गेलेत म्हटल्यावर हसू ओसरलं.

प्रणिताच्या घरात तर ते कधीच ओसरलं होतं. तिची मुलगी ओवी यंदा बारावीला. डॉक्टर व्हायचं हे तिने चौथीत असताना ठरवलेलं, आणि चौथीपासून आजवर ती एकाही परीक्षेत चुकलेली नव्हती. ओवीचे वडील पाटबंधारे खात्यात, कायम बदलीच्या गावी. त्यामुळे पोरीचे सगळे लाड केले ते मन्मथअप्पांनी. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. ओवी डॉक्टर झाली की दवाखान्याच्या पाटीवर अक्षरं कुठल्या रंगात काढायची, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

“टोपी असो न्हाईतर फेटा असो,” त्यांनी क्लासमध्ये जाहीर केलं, “सरावापुढं काय टिकूलालंय?”

त्यांनी टोप्या आणवल्या. जगभरातून मांडण्या गोळा केल्या. हलणाऱ्या, बुडणाऱ्या, तरंगणाऱ्या, फुटणाऱ्या, सगळ्या. मग सुरू झाला लातुरी सराव. सकाळी टोपी, दुपारी टोपी, रविवारी डबल टोपी. पहिल्या आठवड्यात पडद्यावरच्या रेषा अशा उसळल्या की अप्पांनी पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात रेषा वाकल्या. तिसऱ्यात पार झोपल्या. आणि सगळ्यांत सपाट रेषा कुणाची, तर सगळ्यांत जास्त सराव केलेल्या ओवीची. जमिनीवर पाणी सांडावं तशी ती पडद्यावर पसरली होती.

“मशीन बिघडलंय,” अप्पा म्हणाले.

“मशीन नीट आहे भावजी,” प्रणिता म्हणाली.  एवढ्या वर्षांत तिला असा प्रश्न पडलाच नव्हता, जो तिने आधी पाहिलेला नाही.

तिने ओवीला समोर बसवलं. एक मांडणी केली, अंदाज विचारला. ओवीने खाडकन उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं. रेषा हलली नाही.

“हे उत्तर तुला कसं सुचलं?”

“सुचायचं काय त्यात?” ओवी म्हणाली. “सगळ्यांनी ट्रिक काढलीय. जे होईल असं वाटतंय, त्याच्या उलट सांगायचं. या परीक्षेत नेहमी उलटंच होतं.”

“मग तुला आधी काय वाटलं होतं?”

ओवी थांबली. तिने खरोखर आठवून पाहिलं. “आता काही वाटतच नाही गं आई. उलटंच सांगायचं तर वाटून घ्यायचं कशाला?”

प्रणिता ताडकन उठली. तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तो भीतीचा नव्हता. ठेच लागायला आधी पाय टाकावा लागतो! ही पोरं पाय टाकायचीच बंद झाली होती. तोंडाने काहीही सांगत होती, आतून कशावरही विश्वास ठेवत नव्हती. मग चुकणार कशी? आणि चुकणार नाहीत तर वळणार कशी? सरावाने त्यांना परीक्षेत पटाईत केलं नव्हतं, त्यांचं कुतूहल मारून टाकलं होतं. आणि हे त्या टोपीने, त्या दीड शहाण्या टोपीने, बिनचूक पकडलं होतं. प्रणिताला यंत्राचा राग यायला हवा होता, पण तिला त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सरावाच्या सगळ्या मांडण्या कपाटात कोंबल्या आणि वर्गाला म्हणाली, “आजपासून मांडणी तुम्ही आणायची. मला येणार नाही अशी. टोपी मी घालते.”

वर्गात कुजबुज झाली. मॅडमना येणार नाही असं काही असतं, हीच मुळात बातमी होती. बरेच जण आणून आणून काय आणणार? जे आणलं ते तिला ठाऊक निघालं. मग चार दिवसांनी अफरीन नावाच्या मुलीने ओढणीच्या टोकातून एक दगड सोडला. होडीच्या आकाराचा, गुळगुळीत, मांजरा नदीत सापडलेला. तिने तो टेबलावर ठेवून गरकन फिरवला. तो छान फिरला आणि थांबला.

“आता उलट्या बाजूनं फिरवते,” अफरीन म्हणाली. “काय होईल मॅडम?”

“तसाच फिरेल आणि थांबेल,” प्रणिता म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली. दगड तो, त्याला दिशा काय कळतीय?

अफरीनने फिरवला. दगड थोडा फिरला, डगमगला, टकटक करत जागच्या जागी नाचला, थांबला. आणि आपणहून मागे फिरू लागला.

“अगं बाई!” प्रणिता ओरडली. पडद्यावरची रेषा छताला जाऊन भिडल्यासारखी उडाली आणि वर्गात जी आरोळी उठली ती रस्त्यापलीकडच्या सराफाने ऐकली. प्रणिता दगडावर वाकली, त्याला उलटा केला, सुलटा केला, खालून बोट फिरवलं. “याचं पोट तिरकं आहे! थोडंसंच, पण तिरकं आहे. म्हणून एका बाजूनं फिरताना तो डुलतो, आणि डुलणं त्याला मागं ढकलतं. थांबा, थांबा, मग असं पोट दुसऱ्या अंगानं तिरकं असेल तर...” पडद्यावर दुसरी लाट उठली, रुंद आणि गोल. तिने ती पाहिलीच नाही. आपल्याला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, हे तिला आठवेना.

त्यानंतर क्लासचं रूपच पालटलं. नियम एवढाच होता, एकदा केलेली मांडणी पुन्हा करायची नाही, आणि अंदाज फळ्यावर स्वतःच्या नावासमोर खडूने लिहायचा. मग पळवाट नाही. भित्री मुलं आधी बारीक अक्षरात लिहायची. पुढे पुढे पैजा लागू लागल्या, चुकलेल्याने सगळ्यांसमोर नाचून दाखवायचं. नाच रोज होत होता. प्रणिता स्वतः दोनदा नाचली.

ओवी मात्र खडू हातात धरून उभी राहायची. एवढी वर्षं न चुकलेल्या मुलीला फळ्यावर चुकायचं म्हणजे जिवावर येत होतं. तिच्यासाठी अफरीनने सारखे दोन डबे आणले, एकात पाणी, दुसऱ्यात तेवढंच पाणी गोठवून बर्फ केलेलं. फळीच्या उतारावरून दोन्ही एकदम सोडायचे.

“बरोबरीनं पोचतील,” ओवीने लिहिलं. “वजन सारखंच आहे ना.” आणि यावेळी तिला ते खरंच वाटत होतं.

पाण्याचा डबा सरळ पुढे निघून गेला. ओवीचे कान लाल झाले. तिला रडू येईल असं वाटून प्रणिता अर्धी उठलीसुद्धा. पण ओवी त्या डब्याकडे बघत राहिली आणि तिचा हात हवेत गोल गोल फिरू लागला. “बर्फ डब्याबरोबर फिरतो,” ती पुटपुटली. “पाणी फिरतच नाही! डबा नुसता त्याच्याभोवती फिरतो. फिरवायला काही खर्चच नाही, सगळं पुढं पळण्यात जातंय!” पडद्यावरची ती सपाट रेषा डोंगरासारखी उभी राहिली. ओवी नाचली, आणि वर्ग तिच्याबरोबर नाचला.

मन्मथअप्पांना हे मुळीच पटलं नाही. परीक्षेच्या तोंडावर सराव बंद करून नाचकाम?

“भावजी, या परीक्षेत उत्तर आधी कळलं की पोरगं बाद,” प्रणिता त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. “ठाऊक असलेल्या गोष्टीचा धक्का कसा बसेल? धक्का नाही तर वळण नाही, गुण नाहीत.”

“आगं, हे सगळं पुस्तकी बोलणं हाय,” अप्पा म्हणायचे. “उत्तर म्हाईत असून आजवर कुणाचं वाटोळं झालेलं मी तर बघितलं न्हाई.”

परीक्षेच्या सकाळी केंद्राबाहेरचं दृश्य बघण्यासारखं होतं. दरसाल तिथे ‘अपेक्षित’ विकणाऱ्यांभोवती पालकांची झुंबड उडायची. यंदा असाच एक जण “अपेक्षित घ्या, अपेक्षित” ओरडत आला, तर चार बाया त्याच्या अंगावर धावून गेल्या. एका बापाने पोराच्या कानांत कापूस घातला होता आणि वरून मफलर बांधला होता. दोन मैत्रिणी एकमेकींशी बोलायचं टाळून दोन झाडांखाली उभ्या होत्या, चुकून काही कानावर पडायला नको. प्रणिता प्रवेशपत्राच्या कामासाठी पुढे आली होती आणि हे सगळं बघून मनात हसत होती.

तेवढ्यात अप्पांची गाडी आली. ओवी खाली उतरली. तिचा चेहरा उतरला होता.

“आई,” ती म्हणाली, “अप्पांनी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“सगळं.”

अप्पा मागून आले ते छाती पुढे काढून. “तिन्ही पेट्या! तिन्ही म्हंजे तिन्ही!” ते हळू आवाजात म्हणाले, पण आनंद काही हळू होत नव्हता. “केंद्रासाठी सायन्सच्या सामानाची खरेदी कुठून झाली त्याचा माग काढला. फुगे आन् नळ्या, रीळ, तांब्याचा पाइप आन् लोहचुंबक. यावरनं मांडण्या काय असतील ते ताडलं, घरी करून बघितल्या, आन् गाडीत पोरीकडनं पाठ करून घेतल्या. प्रणिता, आज तुझ्यापेक्षा भारी अंदाज काढला बघ मी!”

 समोर उभा असलेला माणूस किती प्रेमाने हे करून आला होता ते प्रणिताला दिसत होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त संताप आला.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्ही आज तिचं वर्ष बुडवलंत. नुसतं वर्षच नाही. या परीक्षेला दुसऱ्यांदा बसता येत नाही. मी घसा फोडून सांगत होते ना? एवढं एक माझं ऐकायचं होतं.”

अप्पांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि हळूहळू कुठेतरी गेलं. ते ओवीकडे बघू लागले. ओवीने त्यांचा हात धरला, दाबला, आणि आत गेली.

पालकांना काचेपलीकडे बसायची मुभा होती. आतला आवाज तिथल्या स्पीकरवर ऐकू येई आणि विद्यार्थ्याची रेषा भिंतीवरच्या पडद्यावर दिसे. बाहेरून आलेले परीक्षक नांदेडचे येरावार सर होते. बाहेरचा परीक्षक उपाशी जाऊ द्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. परीक्षा बदलली तरी ती बदललेली नव्हती. सकाळपासून केंद्राच्या बाईंनी सरांना मुरमुऱ्यांची सुशीला, मिरचीभजी, पुन्हा भजी आणि वरून बासुंदी असं आग्रहाने खाऊ घातलं होतं. सर छातीवर तळवा चोळत बसले होते.

ओवीच्या डोक्यावर टोपी चढली. पहिली पेटी उघडली. एका नळीच्या दोन टोकांना दोन फुगे, एक मोठा, एक लहान. मध्ये तोटी बंद.

“तोटी उघडली की काय होईल?” येरावार सरांनी विचारलं.

ओवीने दोन्ही फुग्यांकडे पाहिलं. प्रणिता काचेपलीकडून बघत होती. पोरगी आता अंदाज केल्याचं सोंग आणेल का? टोपीपुढे सोंग चालणार नाही, पण घाबरलेलं माणूस काहीही करतं.

“लहान फुगा आणखी लहान होईल आणि मोठा फुगेल,” ओवी म्हणाली. “पण सर, हा माझा अंदाज नाही. हे मला माहीत आहे. आज सकाळीच कळलं.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बरं. खरं बोललात ते बरं केलंत. दुसरी पेटी काढू.”

दुसरी पेटी उघडली. रीळ निघालं.

“हेही माहीत आहे सर.”

तिसरी उघडली. तांब्याचा पाइप.

“हेही.”

“हेही?” सर खुर्चीत मागे टेकले. “अहो, माझ्याकडं पेट्या तीनच असतात. तिन्ही आधी माहीत असतील तर नोंद शून्य करावी लागते. मोजायला काही राहतच नाही ना.”

“हो सर.” ओवीचा आवाज बारीक झाला होता, पण ती सरांकडेच बघत होती. “पण माहीत नाही असं मी कसं म्हणू?”

काचेमागे अप्पा दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. “मी खाल्लं पोरीला,” ते म्हणत होते. “माझ्या हातानं खाल्लं.”  प्रणिताला रडू येत होतं आणि त्याच वेळी पोरीच्या ताठ पाठीकडे बघून ऊर भरून येत होता.

येरावार सरांनी नोंद करायला पेन उचललं आणि कळ आल्यासारखं तोंड केलं. भज्यांवरची बासुंदी अंगावर आली होती. “एक मिनिट,” म्हणत त्यांनी खिशातून इनोची पुडी काढली, समोरच्या काचेच्या उंच ग्लासातल्या पाण्यात ओतली आणि चमच्याने ढवळू लागले. चमचा ग्लासाच्या बुडावर आपटत होता. टण, टण, टण. आणि मग फेस उसळला तसा तोच चमचा, त्याच बुडावर, एकदम भद्द वाजू लागला. ग्लासाच्या जागी कुणी मडकं आणून ठेवावं तसा.

भिंतीवरची रेषा उसळली.

सरांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. “पेटी तर एकही उघडली नाही आत्ता. कशाचा धक्का बसला?”

“सर, आवाज!” ओवी जवळजवळ उभी राहिली होती. “तुमच्या ग्लासाचा आवाज खाली गेला!”

सरांनी पुन्हा चमचा आपटला. भद्द. त्यांनी आयुष्यभर भजी खाल्ली होती आणि आयुष्यभर इनो घेतलं होतं, पण त्या आवाजाकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

“असं का होतं, ठाऊक आहे तुम्हाला?”

“नाही सर.”

“मला पण नाही,” येरावार सर म्हणाले, आणि छातीतली जळजळ विसरून सावरून बसले. त्यांचे डोळे चमकू लागले होते. “परीक्षकाला जागेवरचं साहित्य वापरता येतं, असा नियम आहे. सांगा पाहू. मी असाच चमचा आपटत राहिलो तर पुढे काय होईल?”

“पूड विरघळून पाणी दाट झालंय,” ओवी म्हणाली. “म्हणून आवाज जड झाला. आता तो असाच राहील.”

“असाच ऱ्हाईल,” काचेमागे अप्पाही नकळत म्हणाले.

सर चमचा आपटू लागले. भद्द. भद्द. मग थोडं वर. मग आणखी वर. आवाज एकेक पायरी चढावी तसा चढत चालला आणि चढता चढता पुन्हा पहिल्यासारखा टण वाजू लागला. रेषा उडाली. अप्पांनी प्रणिताचं मनगट घट्ट धरलं. “आगं, चढला की! मलाबी धक्का बसला!”

ओवीने कुणाकडेच पाहिलं नाही. ती ग्लासाकडे बघत होती, आणि प्रणिता पडद्याकडे. धक्क्याची लाट ओसरली. मागून काही आलं नाही. रेषा सपाट. अजून सपाट. 

“दाट नाही,” ओवी हळूच म्हणाली. “पूड तर अजून पाण्यातच आहे, आणि आवाज परत आला. म्हणजे पुडीमुळं नाही. गेलं काय? बुडबुडे गेले!” तिने टेबलावर थाप मारली. “बुडबुडे सर! बुडबुड्यांनी पाणी मऊ होतं, स्पंजसारखं. मऊ गोष्टीतून आवाज रेंगाळत जातो, सावकाश, म्हणून खालचा सूर. बुडबुडे निघून जातात तसं पाणी पुन्हा कडक होतं आणि सूर चढतो!”

आणि पडद्यावर ती दुसरी लाट उठली. सावकाश, रुंद, उंच.

“दुसरी पुडी आहे माझ्याकडं,” सर म्हणाले. परीक्षा कोण देतंय आणि कोण घेतंय, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. “टाकू?”

“टाका! मी हातानं दाखवते. आधी हात, मग आवाज.”

पुडी पडली. ओवीचा हात सरकन खाली गेला, आणि त्याच्यामागून आवाज गेला. फेस विरू लागला तसा हात इंचाइंचाने वर येऊ लागला, आणि आवाज त्याच्यापाठोपाठ, हाक मारल्यावर वासरू यावं तसा. शेवटी तिने हात हवेत थांबवला. टण! सरांनी चमचा टाकला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे केंद्राच्या बाईंनी वाजवल्या, काचेमागच्या पालकांनी वाजवल्या. आपलं पोरगं अजून आत जायचंय हे क्षणभर कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

पडद्यावर ओवीचे गुण उमटले. सकाळपासून त्या केंद्रावर एवढा मोठा आकडा लागला नव्हता. प्रणिता खुर्चीवरून उठली.

“प्रणिता,” अप्पा चाचरत म्हणाले, “लागली ना गं लायनीला पोरगी? डॉक्टर हुईल ना?”

“होईल भावजी,” ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. “तुम्ही सांगूनसुद्धा होईल.”

अप्पांनी दोन्ही कान धरले.

दार उघडून ओवी पळत आली. गुण किती पडले हे तिने विचारलंच नाही. आकडा मागे भिंतीवर झळकत होता आणि तिची त्याच्याकडे पाठ होती. केस टोपीने विस्कटलेले, डोळे मोठे झालेले.

“आई, हेच कढत पाण्यात केलं तर? आवाज जास्त खाली जाईल का कमी? तुला माहीत असेल तर बोलू नकोस हं, प्लीज!”

प्रणिताने तोंड उघडलं. आत शोधलं. तिथे उत्तर नव्हतं, हा प्रश्न कुठल्या वर्षी विचारला गेला होता याची आठवण नव्हती, काहीच नव्हतं. तिला मोकळ्या वाऱ्यात आल्यासारखं वाटलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही गं! चल घरी. पण आधी तुझा अंदाज सांग, मग मी माझा सांगते.”